डाय मशीन घ्यायचं का? आधी एक वाकळ घड्याळ लावून शिवा

गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या चुलत जावेनं तिचं कापड कापायचं मशीन दोन महिन्यांसाठी सेलूला माझ्याकडे आणून ठेवलं. तिचं घर बदलायचं चाललं होतं आणि सामानाच्या ट्रकमध्ये ते आपटेल अशी तिला धास्ती. मुलानं परदेशातून आणलेलं, जड, हाताच्या दांड्यानं फिरवायचं मशीन. मी ते ओसरीतल्या टेबलावर मांडलं तेव्हा मावशी आल्या. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची बहीण. वय सत्तरीपुढं, आणि आजवर किती वाकळा शिवल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी दांडा एक फेरा फिरवून बघितला आणि विचारलं, "ह्याच्यातून शेवया पडत्यात का?"

मी हसले खरी, पण त्यांचं फारसं चुकलेलं नव्हतं. मी ऑर्डरीनं गोधड्या आणि बाळाची दुपटी शिवते. त्या दोन महिन्यांत मी मशीनवर मन लावून काम केलं, वेळा लिहून ठेवल्या, कापड मोजलं. "ताई, मशीन घेऊ का?" असं बचत गटातल्या बायका अजूनही विचारतात. प्रत्येकीचं काम वेगळं, म्हणून त्यांना हो किंवा नाही न सांगता मी ठरवायची रीतच सांगते. तीच इथं लिहितेय.

मशीन नेमकं करतं काय

शेवयाच्या मशीनसारखेच यात दोन रूळ असतात. मधल्या फटीतून एक पाट सरकतो. त्या पाटाला डाय म्हणायचं. डायमध्ये पोलादी पात्याची पट्टी हव्या त्या आकारात वाकवून बसवलेली असते, आणि पातं झाकलं जाईल असा स्पंज सगळीकडून लावलेला असतो. स्पंजावर कापडाचे थर ठेवायचे, वर प्लॅस्टिकची कापण्याची मॅट ठेवायची, आणि दांडा फिरवून सगळं रुळांमधून पलीकडं काढायचं. दाबानं स्पंज दबतो, पातं कापडातून जातं आणि मॅटला टेकतं. पलीकडं गेल्यावर स्पंज कापलेले तुकडे परत वर ढकलतो. चपलांचे तळ आणि पुठ्ठ्याची खोकी कारखान्यात कापतात, त्यातलंच हे तत्त्व, घरगुती मापात.

गोधडीवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त नाव आहे ते अमेरिकेतल्या ओमाहाच्या अ‍ॅक्यूक्विल्टच्या 'गो' मशीनचं. सुती कापडाचे सहा थर ते एका वेळी कापतं असं कंपनी सांगते, आणि पॉपलिन-केंब्रिकला मला ते खरंच दिसलं. सिझिक्सचं बिग शॉट हे दुसरं नाव; ते मुळात कागदी कलाकुसरीवाल्यांचं, पण कापडाचे डायही त्यावर चालतात. विजेवर चालणारी रुळाची मशीनं पण मिळतात. तिसरा प्रकार क्रिकट मेकर किंवा ब्रदरच्या स्कॅन-एन-कटसारख्या मशीनांचा. त्यात डाय नसतो, कॉम्प्युटर सांगेल तसं पात्याचं टोक फिरतं. आकार हवा तो काढा, पण कापड एका वेळी एकच थर. एकाच आकाराचे तीनशे तुकडे हवे असतील तर या प्रकाराकडं वळूच नका. नाव, चित्र, बाळाच्या दुपट्यावरचा हत्ती असलं एखादं काम असेल तर ते कामाचं.

शिंप्यांकडं असतं ते गोल पात्याचं विजेचं कटर हे आणखी वेगळं. थान अंथरून लांब कापायला ते उत्तम, पण चार इंचाच्या तुकड्याला हात लावायचं त्याचं काम नाही.

पहिली पायरी: वेळ कुठं जातो ते बघा

सगळ्यात जास्त महत्त्व मी या पायरीला देते, आणि सगळ्याजणी नेमकी हीच गाळतात.

एक अख्खी गोधडी फोनवर वेळ लावून शिवा. वहीत तीन रकाने पाडा: कापणं, जोडणं, धावदोरा. उठलात की वेळ थांबवायची, बसलात की सुरू. स्वैपाक, शेतातली हाक, दाराशी आलेली बाई, यातलं काही त्यात धरायचं नाही.

माझी साधी एकेरी गोधडी ६० बाय ८८ इंचांची असते. शिवून झाल्यावर चार इंच दिसणारा चौकोन. म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिलाई धरून साडेचार इंच कापायचा. आडवे १५, उभे २२, एकूण ३३० चौकोन. पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलीनं आखून, कात्रीनं कापायला मला ३ तास ५० मिनिटं लागली. शिलाई मशीनवर जोडायला ९ तास. आणि आत जुन्या लुगड्याचे थर घालून हातानं धावदोरा घालायला ६६ तास.

आता बघा. एकूण ७९ तासांत कापणं चार तासांच्याही आत, म्हणजे शंभरात पाच. मशीननं कापायचा वेळ शून्यावर आणला तरी गोधडी चार तासच आधी संपेल. ज्या बाईचा सगळा माल हातशिलाईचा आहे, तिनं इथंच वही मिटली तरी चालेल.

दुपट्याचं गणित मात्र वेगळं येतं. ३६ बाय ४४ च्या दुपट्याला ९९ चौकोन लागतात. कात्रीनं कापायला सव्वा तास, जोडायला पावणेतीन तास, शिलाई मशीनचा धावदोरा दीड तास. साडेपाच तासांत सव्वा तास कापण्यात गेला, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. महिन्याला वीस-पंचवीस दुपटी जात असतील तर कापणं हा खरोखरच अडथळा आहे. पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी.

दुसरी पायरी: आकार कोणता, ते वेगळं काढा

मशीनची जाहिरात बघताना चौकोन कापलेले दिसतात, कारण ते दिसायला झकास दिसतात. पण चौकोनाला मशीन लागतच नाही.

हे मला मावशींनी शिकवलं. मी स्पंजावर पॉपलिनचे सहा थर सारखे करत बसले होते. त्यांनी शेजारचं कापड उचललं, काठाला दातानं एक खाच पाडली, दोन्ही हातांनी धरलं आणि चर्रर्र करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी काढली. मग दुसरी. "आगं, फाडून घे की. सूत सरळ जातंय ना आपसूक." सुती कापड फाडलं की ते धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळं पट्टी धाग्याला धरून एकदम सरळ येते. एक पैसा लागत नाही. कडेला दोन-तीन धागे सुटतात आणि कड जराशी ओढली जाते, एवढाच त्याचा दोष. म्हणून साडेचारला पावणेपाच इंच फाडायचं, इस्त्री करायची आणि कड छाटायची.

नऊ तुकड्यांचा ठोकळा, म्हणजे तुकडे जोडून केलेला गोधडीचा एक चौकोनी भाग, करायचा असेल तर तुकडे कापूच नका. तीन लांब पट्ट्या एकमेकींना जोडा, मग त्या जोडलेल्या पट्टीचे आडवे काप करा, आणि कापांची अदलाबदल करून परत जोडा. त्रिकोणाचंही तसंच. दोन रंगांचे चौकोन समोरासमोर ठेवा, कर्णाची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिलाई मारा आणि रेघेवर कापा. दोन रंगांचे दोन चौकोन तयार. शिवून चार इंच हवा असेल तर मूळ चौकोन ४ इंच ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घ्यायचा. उरेब, म्हणजे तिरपी, कड हातात येते ती शिलाई मारल्यानंतर, त्यामुळं ताणली जाण्याची भीतीच राहत नाही.

मग डाय कशाला? गोलाईला. पाव वर्तुळ, पाकळी, एक इंचाचा षटकोन, बारीक त्रिकोण, आणि फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावून वरून चिकटवायची पानंफुलं. पाव वर्तुळाच्या ठोकळ्यात एक तुकडा बाहेर फुगलेला आणि एक आत वळलेला असतो, आणि दोन्हींची गोलाई तंतोतंत जुळावी लागते. कात्रीनं १२० जोड्या कापायला मला ५ तास लागले आणि शेवटच्या तीसेक जोड्यांत हात दुखून गोलाई बिघडायला लागली. डायवर त्याच १२० जोड्या ४० मिनिटांत झाल्या. जोडताना मध्यभाग सापडावा म्हणून त्या डायमध्ये बारीक खाचही होती, त्यामुळं शिवणंही सोपं गेलं. त्रिकोणाच्या डायमध्ये कोपऱ्याची टोकं आधीच छाटलेली असतात, ती पण सोय चांगली.

तेव्हा वहीत दुसरं पान काढा. गेल्या दहा ऑर्डरींत गोल किंवा तिरपे तुकडे किती होते? एकच आकार पुन:पुन्हा आला का? दहापैकी आठ गोधड्या चौकोन-पट्ट्यांच्या असतील तर उत्तर मिळालं.

तिसरी पायरी: कापड कसलं

आपली वाकळ मुळात जुन्या कपड्यांची. वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरं, परकर, सदऱ्याच्या पाठी. हे कापड कुठं झिजलेलं, कुठं ताणलेलं, कुठं शिवण आलेली. डायला हे आवडत नाही. थर सारख्या जाडीचे असले तर पातं सगळ्यांतून सारखं जातं. एखाद्या थराला शिवणीची जाडी आली की तिथं दाब खाल्ला जातो आणि शेजारी धागे न कापता राहतात. बटण, हूक, विसरलेली टाचणी, जरीचा काठ यांतलं काहीही पात्यावर येऊ देऊ नका. पात्याला एकदा खाच पडली की प्रत्येक तुकड्याला तिथं धागा लोंबतो, आणि त्या डायला धार लावून मिळत नाही.

आणि आता घरोघरी जुन्या साड्या म्हणजे जॉर्जेट नाहीतर सिंथेटिक. माझ्या हाताला त्या दोन-तीन थरांपुढं सरकायला लागल्या. पातळ, मऊ सुती कापडाला खळ देऊन इस्त्री केली की ते पुठ्ठ्यासारखं वागतं आणि छान कापलं जातं. पण खळ आणि इस्त्रीचा वेळही हिशेबात धरावा लागतो, तो कोणी धरत नाही.

नवीन कापड घेत असाल तर आधी भिजवून, वाळवून घ्या. न भिजवलेली पॉपलिन आणि दहा वर्षं धुतलेलं लुगडं एकाच गोधडीत जोडलं की पहिल्या धुण्यात पॉपलिन आटते आणि लुगडं फुगे धरतं. याचा मशीनशी संबंध नाही, पण हे दरवेळी सांगावंच लागतं.

चौथी पायरी: आधी गोल पात्याचं कटर

कात्री आणि डाय मशीन यांच्या मध्ये एक पायरी आहे, ती उडी मारून ओलांडू नका. पिझ्झा कापायच्या चाकासारखं दिसणारं हातातलं गोल कटर १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं बाजारात आणलं आणि तुकडेकामाची सगळी रीतच त्यानं बदलली. सोबत दोन गोष्टी लागतात: आपोआप चर भरून येणारी कापण्याची मॅट, निदान ४५ बाय ६० सेंटिमीटरची, आणि जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची ६ बाय २४ इंचांची पट्टी. पातं ४५ मिलिमीटरचं घ्या. शाळेची पातळ पट्टी वापरू नका. पातं तिच्यावर चढतं आणि बोटावर येतं. प्रत्येक काप झाला की पातं झाकायचं, दर वेळी. माझ्या डाव्या करंगळीवर याची खूण आहे.

कापड दुहेरी करून त्याची पुन्हा एक घडी घातली की चार थर होतात. त्यावर साडेचार इंचाच्या पट्ट्या, मग पट्ट्यांचे चौकोन. तेच ३३० चौकोन माझे १ तास १० मिनिटांत झाले. डाय मशीनवर किती? दोन चौकोनांचा डाय, सहा थर, म्हणजे एका फेरीत १२. २८ फेऱ्या झाल्या, थर लावण्यासकट ५० मिनिटं लागली.

कात्रीवरून कटरवर आलं की २ तास ४० मिनिटं वाचतात. कटरवरून मशीनवर गेलं तर २० मिनिटं.

मॅटबद्दल एक गावठी सूचना. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा ४२ च्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली मॅट तव्यावरच्या पापडासारखी वाकडी होते आणि परत सरळ होत नाही. आडवी ठेवा, उन्हापासून लांब, शक्यतो पलंगाखाली. डाय मशीनच्या मॅटलाही हेच.

पाचवी पायरी: पैशाचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणाला घेतलेत. भाव बदलतात, तुम्ही तुमचे घाला. रीत तीच राहील. आपल्या एका तासाची किंमत ६० रुपये धरू. (शून्य धरू नका. "घरचंच तर काम आहे" म्हणून आपण शून्य धरतो आणि मग गोधडी तोट्यात विकतो.)

कटर, मॅट आणि पट्टी मिळून ४,००० रुपये लागले असं समजा. एका गोधडीमागं २ तास ४० मिनिटं, म्हणजे १६० रुपये वाचले. २५ गोधड्यांत खर्च निघाला.

आता मशीन, दोन डाय आणि मॅट मिळून ४०,००० समजा. चौकोनाच्या गोधडीत कटरपेक्षा २० मिनिटं वाचली, म्हणजे २० रुपये. पण कापड बघा. ४४ इंच पन्ह्यातून कटरनं साडेचार इंचाच्या पट्टीचे ९ चौकोन निघतात, म्हणून ३३० साठी ३७ पट्ट्या, सव्वाचार मीटर कापड. डायवर दोन आकारांच्या मध्ये फट असते आणि कडेनंही थोडं कापड बाहेर ठेवावं लागतं. प्रत्येक चौकोनाला पाच इंच धरले तर पन्ह्यात ८ बसतात, ४२ पट्ट्या होतात आणि ५ मीटर ३३ सेंटिमीटर कापड जातं. सव्वा वार कापड जास्त! १२० रुपये मीटरनं ते १३० रुपयांच्या घरात. वीस रुपयांची मेहनत वाचवायला एकशे तीस रुपयांचं कापड घातलं. पट्ट्या कापायचे डाय असतात, त्यांत पाती लागूनच असतात आणि एवढी नासाडी होत नाही. पण पट्टी तर आपण फाडूनही काढतो.

गोलाईच्या गोधडीत कात्रीनंही कातरणं पडतातच, म्हणून कापड सारखंच धरू. ४ तास २० मिनिटं वाचली, म्हणजे २६० रुपये. ४०,००० निघायला १५४ गोधड्या. महिन्याला तीन शिवत असाल तर सव्वाचार वर्षं. दहा शिवत असाल तर सोळा महिने, आणि तेव्हा मात्र मशीनचा विचार करायला हरकत नाही.

कर्ज काढून घेणार असाल तर त्याचा वेगळा हिशेब मांडा. गटातून शेकडा दोन रुपयांनी ४०,००० उचलले तर पहिल्या महिन्याचं व्याजच ८००. म्हणजे गोलाईच्या तीन गोधड्यांची बचत व्याजालाच गेली, मुद्दल जागच्या जागी.

आणि डाय. मशीन एकदाच घ्यायचं, पण डाय संपत नाहीत. चार इंचाचा घेतला की गिऱ्हाईक सहा इंचाचा मागतं. डायचं माप बदलता येत नाही, दर मापाला नवा पाट. अ‍ॅक्यूक्विल्ट 'क्यूब' नावाचा ८ डायांचा संच विकते, त्यातून पुष्कळ ठोकळे जुळवता येतात, पण ते सगळे एका ठरलेल्या मापाच्या ठोकळ्यासाठी. जावेच्या कपाटात अकरा डाय आहेत. तिनंच कबूल केलं की चारच वापरात येतात.

हिशेबाला अपवाद एकच, आणि तो मी मनापासून मानते: हात. संधिवात असेल, अंगठ्याच्या बुडाशी कळ येत असेल, कात्री धरवत नसेल, तर गोधड्यांची संख्या मोजत बसू नका. दांडा फिरवायला खांदा लागतो, बोटं नाही. मावशींची बोटं आता वाकडी झालीत. शेवयाचं म्हणून हसलेल्या त्याच मशीनवर त्यांनी नातवाच्या दुपट्याची सगळी पानं एका दुपारी कापली, मध्ये चहाला उठून.

सहावी पायरी: घ्यायचं ठरलं तर काय विचारायचं

मॅट इथं मिळेल का, हे सगळ्यात आधी विचारा. मॅट झिजते, तिच्यावर चर पडतात आणि हळूहळू काप अर्धवट राहायला लागतो. मशीन दहा वर्षं टिकलं तरी मॅट नसेल तर ते शोभेचं. परदेशातून मागवायची तर माल जड असल्यानं कुरियर महाग, वर सीमाशुल्क आणि जीएसटी. तो सगळा खर्च दुकानदाराच्या आकड्यात असतो की पोस्टमन दारात आल्यावर कळतो, हे लेखी घ्या. एका ऑनलाइन दुकानात मी मॅटचं माप विचारलं, त्यांनी "सगळ्याला बसते" म्हणून सांगितलं. आली ती जावेच्या डायपेक्षा दोन इंच आखूड. परत पाठवायचा खर्च माझा.

विजेवरचं असेल तर मागच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पाटीवर १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर ठीक; फक्त १२० असेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल. भारनियमनाच्या गावात मी हाताचंच घेईन, दोनदा विचार न करता.

फटीची रुंदी बघा. काही मशीनांत सहा इंचांपर्यंतचाच डाय जातो, काहींत दहापर्यंत. आणि एका कंपनीचा डाय दुसरीच्या मशीनला बसेलच असं नाही, कारण डायची जाडी वेगळी असते. कमी जाडीला मध्ये पुठ्ठे किंवा जादा पाट घालून जमवता येतं. जास्त जाडीला काही करता येत नाही, जबरदस्ती केली तर रूळ वाकतो.

एक वाट कमी लोक चोखाळतात. एकच आकार लागत असेल तर डाय इथं करून घेता येतो. संभाजीनगरला, नांदेडला पुठ्ठ्याची खोकी बनवणारे आहेत. ते आपले डाय कुणाकडून करून घेतात ते विचारा. प्लायवूडमध्ये चर पाडून त्यात पात्याची पट्टी बसवणं हे त्या कारागिरांचं रोजचं काम. खोक्यांच्या डायला पातं साधारण २३.८ मिलिमीटर उंचीचं असतं, घरगुती मशीनच्या फटीला ते तसंच चालेल असं समजू नका. आपला एक डाय नमुना म्हणून हातात घेऊन जा आणि जाडी व पात्याची उंची त्याबरहुकूम मागा. आकार कागदावर काढून देताना पाव इंच शिलाई धरलेली आहे हे तोंडी नको, कागदावरच लिहा.

सातवी पायरी: पहिल्या दिवशीच्या चुका

माझी पहिली चूक लोभाची. सहा थर चालतात तर आठ का नाही? खालचे दोन थर कापलेच गेले नाहीत, धाग्याधाग्यानं लटकून राहिले आणि ते कात्रीनं सोडवण्यात वाचलेला वेळ गेला.

दुसरी चूक महागात पडली. कापड कसंही ठेवलं. रुळांच्या दाबानं कापड पुढं ओढलं जातं आणि आडव्या धाग्यात ते जास्त ताणतं. कापून बाहेर आल्यावर ताण सुटला आणि चौकोन एका अंगानं एक सूत आखूड. एक सूत म्हणजे काय मोठं? पण ओळीत पंधरा चौकोन होते. पंधरा सूत, जवळपास दोन इंच. शेजारच्या ओळीला ती ओळ काही केल्या बसेना. अख्खी ओळ उसवली. तेव्हा कापडाचा उभा धागा, म्हणजे काठाला समांतर जाणारा, नेहमी रुळात शिरायच्या दिशेनं ठेवायचा. काठ कापून टाकलेला असेल तर दोन्ही बाजूंनी हलकंसं ओढून बघा. कमी ताणतो तो उभा.

डाय आत घालताना पात्याची लांब सरळ कड रुळाला समांतर येऊ देऊ नका. तशी आली की अख्खी कड एका क्षणी दाबली जाते, दांडा अडतो. डाय फिरवून किंवा जरा तिरका ठेवून घातला की पातं थोडं थोडं कापत जातं.

कापड डायएवढं अंथरू नका, फक्त पात्यांच्या भोवती पाव-पाव इंच बाहेर येईल एवढंच. पात्यांच्या जागा स्पंजावर मार्करनं आखून ठेवल्या की कापड कुठवर हवं ते लगेच दिसतं, आणि पाचव्या पायरीतली नासाडीही थोडी आटोक्यात येते. मॅट दर फेरीला उलटी करा, दिशा बदला. नाहीतर ती एका अंगाला वाकते. चर पडले म्हणून लगेच फेकू नका, ते पडणारच. स्पंज आणि पात्याच्या खाचेत धागे अडकतात. ते मी दाभणानं अलगद उचलून काढते, पात्याला दाभण न घासता.

गटानं मिळून घ्यायचं असेल तर मशीन एका घरी ठेवा, फिरवू नका, आणि डायना नंबर द्या. पैशाची भांडणं नंतर होतात. आधी हरवतो तो डाय.

मशीन फेब्रुवारीत पुण्याला परत गेलं. माझ्याकडं आता कटर आहे, दुसरी मॅट आहे (पहिली मेमध्ये वाकली), आणि पाकळीचा एक आकार कागदावर काढून ठेवलाय. लग्नसराईत पाकळ्यांच्या गोधड्यांच्या सात ऑर्डरी आल्या. बारा झाल्या की जावेला फोन करणार आहे, तुझ्या पडून असलेल्या सात डायांतला पाकळीचा विकतेस का म्हणून, आणि वर्षाकाठी पंधरा दिवस मशीनही.